मागचं डावं चाक

सरपंच झाल्यावर तात्यांच्या पदरात काय काय पडणार, ते मी गुहागरच्या अंगणात सकाळचा चहा पिता पिता मनात मांडत होते. त्यांच्या खडी क्रशरला ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला, तोही स्वतःच्याच सहीचा. क्रशरपासून सडकेपर्यंत पक्का रस्ता. झेंडावंदनाला दोरी ओढायचा मान. गाडीच्या काचेवर लाल अक्षरांत पद. आणि सगळ्यात मोठी जमा म्हणजे हिंदुराव पवाराचं पडलेलं तोंड. ते बघायला मिळत असतं तर सर्जेराव कदमांनी, म्हणजे आमच्या तात्यांनी, क्रशरसुद्धा विकला असता.

हे सगळं चार हातांवर टांगलेलं होतं. तेव्हा सरपंच सदस्यांमधूनच निवडायचे. आमच्या घाटावरच्या खडकोलीत आम्ही सात सदस्य. आधीच्या सरपंचानं राजीनामा दिलेला, आणि त्या दिवशी दुपारी दोन वाजता सरकारी साहेबांपुढं हात वर करून नवा निवडायचा होता. तीन हात हिंदुरावाकडं पक्के. चार तात्यांकडं: स्वतः तात्या, कोंबड्यांचा धंदा करणारा सिकंदर मुलाणी, ज्ञानूनाना जाधव आणि मी, नंदा शेवाळे, वरच्या वस्तीवरची गिरणीवाली.

सिकंदरला बाजारतळावर पत्र्याचा गाळा हवा होता. मला वस्तीला नळ हवा होता. आमचे मालक मुंबईला माथाडीत, सासू गुडघ्यांनी अधू आणि पाणी खाली ओढ्याच्या विहिरीवर. त्या चढानं माझ्या मानेचं काय झालं होतं ते माझं मला ठाऊक. तात्यांनी दोघांनाही हो म्हटलेलं. नानांच्या नावापुढं मात्र मला काही मांडताच येईना. त्यांनी काही मागितलंच नव्हतं. "सर्जाला शब्द दिलाय," एवढंच. मला त्याची मौज वाटायची. तात्यांना धसका वाटायचा.

"वैनी, ज्याला आपल्याकडनं काय नको, त्यो दुसरीकडनं घेत असतोय," तात्या आदल्या दिवशीच माझ्याजवळ पुटपुटले होते. त्यात नानांचा मुलगा जालिंदर हिंदुरावाच्या मागंपुढं करणारा. पंचायतीत शिपाई म्हणून चिकटवतो, असं हिंदुरावानं त्याला सांगून ठेवलेलं.

मतदानाआधी सदस्यांना सहलीला न्यायची आमच्याकडं रीत आहे. सहल म्हणायचं आणि कोंडून ठेवायचं. तात्यांची बहीण गुहागरला दिलेली, म्हणून आमची सहल तिच्या घरी; घरात बायामाणसं असल्यानं माझ्यावरही कुणाला बोट ठेवता येईना. मोबाईल तात्यांनी पहिल्याच दिवशी कापडी पिशवीत जमा करून घेतलेले. मासळी भरपूर, समुद्र एकदाच, तोही गाडीतून. आडोशाला जायचं तरी जोडीनं.

"तात्या, आता माझ्यासंगं सपनात पण एक मानूस पाठवा," सिकंदर म्हणायचा. "न्हाईतर झोपंत फुटायचो मी."

निघायच्या वेळी तात्यांचा मेहुणा, म्हणजे बायकोचा भाऊ शिवा गाडीभोवती एक चक्कर मारून आला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. तात्यांची गाडी वर्षानुवर्षं तोच चालवायचा.

"दाजी, मागलं डावं बसलंय. खिळा हाय."

"खिळा आपल्या पायानं चालत आला व्हय?"

"परवा हितंच मांडव घालत हुते. अंगनभर खिळे पडल्यात. माझ्या चपलंत बी हाय एक."

तात्यांनी खिळ्याकडं असं बघितलं, जणू त्याच्यावर हिंदुरावाची सही होती. चिपळूणला पंक्चरच्या दुकानात थांबायचं नाही हे तेवढ्यात ठरून गेलं. भर रस्त्यावर आम्हाला कुणी बघितलं तर? शिवानं जॅक लावला, बसलेलं चाक काढलं, स्टेपनी चढवली आणि तो बोटांनी नट फिरवत बसला होता. इतक्यात तात्यांचा आवाज फुटला.

"नाना कुठाय? आरं, नाना कुठं गेला?"

घरात नाही, पडवीत नाही, विहिरीवर नाही. शिवा होता तसा उठला आणि सगळ्यांच्या पुढं पोफळीच्या बागेत पळाला. नाना सापडले शेजाऱ्याच्या दगडी गडग्यापाशी, तळहातावर तंबाखू घेऊन.

"चुना मागाय आल्तो सर्जा," नाना म्हणाले. "मत मागाय न्हाई."

तात्यांनी त्यांना दंडाला धरून आणलं आणि मधल्या सीटवर डाव्या खिडकीशी बसवलं. मधोमध सिकंदर, उजवीकडं मी. उशीर झालेला. "चल, चल, चल," म्हणत तात्या पुढं बसले. शिवानं जॅक उतरवला, सामान मागं फेकलं आणि गाडी काढली. मागची दारं आतून उघडणार नाहीत अशी खिट्टी लावलेली. काचांचं बटण शिवाकडं.

आवाज कधी सुरू झाला ते कुणालाच सांगता येणार नाही. आवाज सुरू होत नाहीत. आपण ऐकायला लागतो. मला गिरणीची सवय, म्हणून मला आधी लागला असावा. घूं… असा, सतरंजीखाली भुंगा सापडल्यासारखा.

"शिवाभाऊ, काय वाजतंय का वो?" मी विचारलं.

"मगापासनं ऐकतोय."

"इंजन?" तात्यांनी विचारलं.

उतार लागला होता. शिवानं रेसवरचा पाय काढला. घूं तसाच. मग गाडी न्यूट्रल केली. इंजिन गप्प झाल्यासारखं झालं, घूं तसाच.

"इंजन न्हाई, गिअर बी न्हाई," शिवा म्हणाला. "ह्यो चाकांचा हाय. गाडीच्या पळण्यासंगं वाढतोय, कमी हुतोय."

"कुठलं चाक?"

"थांबा की. दवाखान्यात बी लगीच सांगत्यात व्हय?" त्यानं दोन्ही हात स्टेअरिंगवर अलगद ठेवले, नाडी बघावी तसे. "स्टेअरिंग गप हाय. पुढच्या चाकाचं दुखणं हाताला लागतंय. हाताला काय न्हाई. तुम्हाला लागतंय का कुठं?"

"माझ्या बुडाला मुंग्या आल्यात," नाना म्हणाले.

"मला न्हाई," मी म्हणाले. माझ्या बाजूला खरंच काही नव्हतं.

"मला अर्ध्याला हाय, अर्ध्याला न्हाई," मधला सिकंदर म्हणाला. "मी कुणाच्या बाजूचा, तात्या?"

तात्या हसले नाहीत. पुढं उजवं वळण आलं. गाडीचा भार डावीकडं गेला आणि घूं एकदम भरदार झाला. डाव्या वळणावर बारीक झाला. शिवानं मान हलवली.

"मागलं डावं."

आता खरं तर दुखणं सापडलं होतं. बोट बरोबर जागेवर पडलं होतं. पण बोट पडलं की माणूस निर्धास्त होतो आणि पुढचं बघायचं सोडून देतो, तसं झालं.

"म्हंजे ती स्टेपनी," तात्या म्हणाले. "जुना टायर, नक्षी उडालीया. त्यो वाजनारच."

"आसंल," शिवा म्हणाला. "खडबडीत झाला असला तर वाजतोय."

"न्हाईतर बेरिंग," सिकंदरनं भर घातली. "माझ्या टेम्पोचं बेरिंग आख्खा उन्हाळा रडत हुतं. कोंबड्या मेल्या, बेरिंग न्हाई मेलं."

"एकदा उतरून बघतो," शिवा म्हणाला.

"चिपळूण सोडल्यावर बघ. हितं न्हाई."

चिपळूणच्या नाक्यावर जालिंदर उभा होता. मोटरसायकलवर एक पाय टेकून, रुमाल तोंडाला बांधलेला. पण नानांनी त्याला उभं राहण्याच्या ढबीवरून ओळखलं, आणि नानांनी ओळखलं हे तात्यांनी ओळखलं.

"आला बघ तुझा श्रावणबाळ," तात्या म्हणाले. "कुणी कळवलं त्याला, आपन ह्या रस्त्यानं येनार म्हनून?"

"गुहागरासनं गावाकडं दुसरा रस्ता कुठला हाय रं?" नाना म्हणाले. "शेंबडं पोर बी सांगंल."

"चुना मागाय गेल्तास न्हवं सकाळी?"

नाना खिडकीकडं वळले. जालिंदरनं किक मारली. मोटरसायकल आमच्या मागं लागली. चिपळूण सुटलं तरी उतरून बघायचं कुणी काढलं नाही. थांबलं की तो दाराशी येणार, दार उघडलं की बापाचा हात धरणार, आणि चाराचे तीन होणार. तात्यांचा हिशोब सरळ होता. खरं सांगायचं तर मलाही तेव्हा तो पटला होता. नळ माझ्याही डोळ्यांपुढं होता.

पोफळी गाव मागं पडलं. घाटाच्या पायथ्याला गाडी हळू झाली आणि घूं विझला. मला बरं वाटलं. मग त्या जागी दुसराच आवाज आला. टक्. थोडं थांबून टक्. गाडी चढाला लागली तशी टक्, टक्, आणि वळणावर एक खडखड, पातेल्यात झाकण फिरावं तशी. सीट आता थरथरत नव्हती, हलत होती. बैलगाडीत बसल्यासारखं डावीकडं-उजवीकडं.

गिरणीत माझा एक नेम होता. एका सुरात वाजणारं काहीही दिवस काढतं, ते झिजलेलं असतं. सूर बदलला की काहीतरी सुटलेलं असतं, मग हातातलं पायलीभर दळण तसंच ठेवून मोटर बंद करायची.

"तात्या, आवाज बदलला," मी म्हणाले. "गाडी थांबवा."

"वैनी, तुमी पन?"

"मी पन म्हंजे काय वो? सुटलंय काय तरी. ऐका की जरा."

"दाजी, ह्यो टायरचा आवाज न्हाई," शिवा म्हणाला. त्यानं गाडी अजून हळू केली, तशी टकटक जास्तच मोठी झाली. "टायर हळूवर गप पडतोय. ह्ये हळूवर वाढतंय."

तेवढ्यात मागून हॉर्न सुरू झाला. थांबेचना. आरशात जालिंदरचा दिवा भर दिवसा पेटत-विझत होता. त्यानं तोंडावरचा रुमाल काढला होता आणि एका हातानं जोरजोरात काहीतरी दाखवत होता.

"बघितलंस?" तात्या मागं वळून नानांना म्हणाले. "खुना करतोय. कुठं ठरलंय तुमचं? ह्या वळनावर का पुढच्या?"

"सर्जा, थांबव," नाना म्हणाले. "माझ्या खालीच नाचतंय कायतरी. पोरगं त्येच सांगत असंल."

"थांबवतो. आन तुला त्याच्या फटफटीवर बसवून टाटा बी करतो." तात्यांचा आवाज एकाएकी खाली आला, तो चढायचा त्यापेक्षा खाली यायचा तेव्हा वाईट असायचा. "किती घेतलंस रं नाना?"

सिकंदरनं अंग मागं सीटला चिकटवलं.

"हिंदुरावाकडनं किती घेतलंस? सांग की. मी त्याच्यावर देतो."

नाना तात्यांच्या बापाच्या वयाचे. त्यांनी हातातली टोपी गुडघ्यावर ठेवली, सरळ केली, परत डोक्यावर घातली.

"दाजी," शिवा आरशात बघत म्हणाला, "त्यो चाकाकडं बोट करतोय."

"तू रस्त्याकडं बघ."

"थांबतो मी."

"शिवा, थांबलास तर बहिनीच्या दारात पाय ठेवू नगंस. दाब!"

शिवानं दाबली. एवढ्या वर्षांत मी पुष्कळ वेळा विचार केला, की दुसरा कुठलाही ड्रायव्हर असता तर तिथं थांबला असता. पगारी माणूस नोकरी सोडू शकतो. मेहुणा काय सोडणार?

पुढचं वळण रुंद होतं, डाव्या अंगाला दरड. जालिंदरनं तिथं मोटरसायकल डावीकडून आत घातली, गाडी आणि दरडीच्या मधल्या पट्ट्यात. उजवीकडून यायला हवं होतं त्यानं. पण चाक डावीकडं होतं आणि बापही डावीकडं होता. तो नानांच्या खिडकीशी आला. काच बंद. त्याचं तोंड मोठ्यानं उघडत-मिटत होतं आणि आम्हाला एकही शब्द ऐकू येत नव्हता. त्यानं काचेवर थाप मारली. मग खाली बोट केलं, नानांच्या पायाखाली, परत परत.

"काच उघडा रं!" नाना ओरडले. काचेवर आतून त्यांच्या दोन्ही मुठी आपटत होत्या. "शिवा, काच! चाक म्हनतोय त्यो! चाक!"

शिवाचा हात बटणाकडं गेलेला मी पाहिला.

मग काही वाजलंच नाही. एक क्षण गाडी इतकी गुळगुळीत चालली, की मला वाटलं, बरं झालं, गेलं. आणि गाडीचा डावा मागचा कोपरा खाली बसला. लोखंड डांबरावर घासल्याचा आवाज आला. तो कसा होता ते मला सांगायचं नाही. गाडी मागून डावीकडं सरकली, दरडीला लागली आणि थांबली. सुटलेलं चाक एकटंच वर चढून गेलं, थोडं डगमगलं आणि रस्त्याच्या मधोमध आडवं झालं.

आम्हाला कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं.

दारं उघडेनात. शिवा पुढून उतरला आणि त्यानं माझ्या बाजूचं बाहेरून उघडलं. नाना आमच्या दोघांच्या अंगावरून बाहेर पडले. मोटरसायकल गाडी आणि दरड यांच्यामध्ये होती, आणि जालिंदर मोटरसायकल आणि दरड यांच्यामध्ये. सिकंदर आणि शिवानं जॅक लावून गाडीचं मागचं अंग बाजूला सरकवलं, तेव्हा तो मोकळा झाला. डोळे उघडे होते. बापाकडं बघून म्हणाला, "आबा, चाक हलत हुतं तुमचं." तक्रार केल्यासारखं. मग खोकल्यातून रक्त आलं.

मी पदर फाडून कुठं बांधायचा ते शोधत होते. बांधण्यासारखी जागा वर काही दिसत नव्हती, सगळं आत झालं होतं. तेव्हा शिवा चाकाच्या जागेपाशी उकिडवा बसलेला दिसला. तो तिथल्या उघड्या बोल्टांवरून बोटं फिरवत होता. एक, दुसरा, तिसरा. एकही तुटलेला नव्हता.

"दाजी," तो म्हणाला, "मी आवळलंच न्हवतं."

"काय?"

"नट. हातानं फिरवलं हुतं नुसतं. पान्यानं आवळायचं हुतं, आन तुमी हाक मारलीसा. नाना कुठाय म्हनून. मी नानाला हुडकाय पळालो. आल्यावर मला वाटलं आवळलंय."

तात्यांनी आधी आजूबाजूला बघितलं. मला तेच आठवतं. आधी आजूबाजूला बघितलं.

"गप," ते म्हणाले. "टायर फुटला. घाटात टायर फुटत्यात. परत ह्ये तोंडातनं काढायचं न्हाई, कुनापुढं."

नाना चार हात अंतरावर मुलाचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी ऐकलं असावं की नाही, हे तेव्हा कळायला मार्ग नव्हता. ते जालिंदरच्या केसांतली माती बोटांनी काढत होते.

कोयनेकडं चाललेली वडापची, सीटावर माणसं नेणारी जीप सिकंदरनं आडवी होऊन थांबवली. आतली माणसं उतरवून जालिंदरला आडवा घातला. शिवाला गाडीपाशी ठेवून आम्ही सगळे त्यातच चढलो; तात्या ड्रायव्हरशेजारी. पाटणच्या दवाखान्यात डॉक्टरांनी हात लावून बघितलं आणि तोच हात नानांच्या खांद्यावर ठेवला. नाना म्हणाले, "वाटंतच गेला. हेळवाकच्या अलीकडं. मला कळालं हुतं." सगळी वाट ते मेलेल्या पोराचं डोकं हलू नये म्हणून धरून बसले होते.

पोलीस यायचे होते. पंचनामा, चिरफाड, सगळं व्हायचं होतं. तात्या व्हरांड्यात उभे होते. घड्याळ बघायला त्यांना लाज वाटत होती, म्हणून ते भिंतीवरचं घड्याळ बघत होते.

"तीन-तीन हुत्यात," शेवटी ते सिकंदरला म्हणाले. "समसमान झालं तर चिठ्ठी काढत्यात. जायाला तर पायजे."

"तात्या," सिकंदर म्हणाला, "आज?"

"सभा आजच हाय बाबा. मी ठिवलीया व्हय?"

नानांना तात्यांनी काहीच सांगितलं नाही. आम्ही तिघं निघालो. सिकंदरही आला, मीही आले.

पंचायतीच्या कचेरीत बातमी आमच्या आधी पोचलेली. हिंदुरावाचे डोळे सुजलेले होते, आणि ते खोटे नव्हते. जालिंदर त्याच्या पंक्तीला जेवणारा. पण त्याच्या शेजारच्या दोघांनी आमची माणसं मोजली. तीन. ते मी पाहिलं. साहेबांनी विचारलं, अशा प्रसंगी कुणाची काही हरकत आहे का. कुणाची नव्हती. साहेबांनी कागद पुढं ओढला आणि दार लोटलं गेलं.

नाना आत आले. सदऱ्याची पुढची बाजू वाळून कडक झालेली. मागं दवाखान्यातला एक माणूस, सोबतीला दिलेला. साहेब उठून उभे राहिले.

"आजोबा, तुम्ही कशाला… तुम्ही घरी जा."

"सदस्य हाय मी. घ्या नाव."

हिंदुराव पुढं आला. त्यानं नानांचा हात धरला. "नाना, हिकडं या. जालिंदरा माझा हुता. हिकडं बसा."

नानांनी हात सोडवून घेतला, झटकून नाही, सावकाश. आणि ते आमच्या बाजूच्या रिकाम्या खुर्चीवर येऊन बसले. तात्यांनी जागा करून द्यायला खुर्ची सरकवली, तिचा पाय फरशीवर करकरला.

साहेबांनी आधी हिंदुराव पवारांचं नाव घेतलं. तीन हात वर गेले. सगळ्यांचे डोळे नानांच्या हातांवर. हात गुडघ्यांवर होते, पालथे. साहेबांनी जरा जास्तच थांबून बघितलं आणि लिहून घेतलं.

मग सर्जेराव कदम. मी हात वर केला. सिकंदरनं केला. नानांचा हात वर गेला, कोपरात न वाकता, शाळेत मुलं करतात तसा सरळ. तात्यांचा स्वतःचा हात तेवढा खाली होता. साहेबांनी विचारलं, "कदम, तुमचं मत?" तेव्हा तो वर आला, खांद्यापर्यंत.

"चार विरुद्ध तीन," साहेब म्हणाले.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. नाना उठले. तात्यांपुढं उभे राहिले, अंतर इतकं कमी की तात्यांना मान वर करावी लागली.

"सर्जा, किती घेतलं, इचारत हुतास न्हवं?" नाना म्हणाले. "ह्ये बघ. दिलं."

आणि ते पोराकडं परत गेले.

तात्या मुदत संपेपर्यंत सरपंच राहिले. क्रशरचा दाखला झाला, रस्ता झाला, झेंड्याची दोरी त्यांनी ओढली. सिकंदरला बाजारतळावर गाळा मिळाला. वरच्या वस्तीवर नळ आला. आजही सकाळी येतं पाणी, चांगल्या धारेनं, आणि मी ते भरते. पुढच्या निवडणुकीत हिंदुरावानं जालिंदरचा हार घातलेला फोटो फलकावर लावला आणि खुर्ची घेतली. म्हणजे त्यालाही मिळालं. टायर फुटला हे पोलिसांना पटलं नाही. बोल्ट शाबूत होते. कोर्टात शिवानं कबूल केलं की नट आवळायचे राहिले. कशामुळं राहिले ते त्यानं सांगितलं नाही, आणि त्याच्या दाजींनीही सांगितलं नाही. तो शिक्षा भोगून आला तो बहिणीच्या दारात गेलाच नाही. कुणाच्या गाडीला हातही लावत नाही. जालिंदरची बायको बाळ घेऊन माहेरी गेली, तिथं ती दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाते. नाना त्या दिवसानंतर पंचायतीच्या एकाही सभेला आले नाहीत, आणि पुढच्या पावसाळ्यात गेले.

मिळालं ते आम्हा सगळ्यांना मिळालं, इकडच्यांना आणि तिकडच्यांनाही. भरलं ते जालिंदरनं, त्याच्या बायकोनं, शिवानं आणि नानांनी.